शिडावरचा आकडा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिव्हरपूलहून न्यूयॉर्कला निघालेल्या आगबोटीवरचे प्रवासी पाच-सहा दिवसांत अगदी कंटाळून जात. पत्ते कुटून झालेले असत, शेजारच्या केबिनमधल्यांची सगळी कुळकथा कळलेली असे, आणि समुद्राकडे तर बघवत नसे. मग कुणीतरी टोपी फिरवायचं. टोपीत चिठ्ठ्या, प्रत्येक चिठ्ठीवर एक आकडा. आपल्याला बंदरात नेणारा वाटाड्या, म्हणजे पायलट, ज्या बोटीतून येईल तिचा नंबर कोणता असेल, ह्यावर पैज. न्यूयॉर्कच्या प्रत्येक पायलट बोटीच्या मोठ्या शिडावर तिचा नंबर काळ्या रंगात चांगला ठसठशीत रंगवलेला असे, लांबून दुर्बिणीत वाचता यावा इतका मोठा. क्षितिजावर पांढरा ठिपका दिसला की सगळे कठड्याशी गोळा होत. सात आहे, नाही सतरा आहे, अशी हुज्जत चाले. नंबर ठरला की लगेच दुसरी पैज: पायलट शिडी चढून आल्यावर डेकवर आधी कोणता पाय टाकेल, उजवा की डावा?

मग पायलट येई. हा गृहस्थ पुष्कळदा काळ्या कोटात, कधी तर उंच रेशमी टोपी घालूनसुद्धा, हलत्या दोरीच्या शिडीवरून वर यायचा. त्याच्याकडे वर्तमानपत्रं असत. प्रवासी ती त्याच्या हातून जवळजवळ हिसकावून घेत आणि मग त्यांच्या लक्षात येई, की पायलटची बोट स्वतःच कितीतरी दिवस समुद्रावर फिरत होती, तेव्हा बातम्याही तितक्याच शिळ्या. तरी वाचत. कप्तान हस्तांदोलन करून जहाज त्याच्या हवाली करी, पैजेचे पैसे जिंकणाऱ्याकडे जात, आणि जो तो आपापलं सामान आवरायला पळे.

ह्या गडबडीत कठड्यावरून वाकून खाली कुणी फारसं बघत नसे. खाली एक छोटी होडी असे आणि तिच्यात दोन पोरं. पायलटला शिडीपाशी सोडून ती परत निघालेली असत. त्यांच्यावर कुणी पैज लावल्याचं माझ्या वाचनात आलेलं नाही. पायलट बोटींविषयी मी गेली काही वर्षं हाताला लागेल ते वाचते आहे. त्या बोटींच्या देखणेपणावर आणि वेगावर भरभरून लिहिलेलं सापडतं, पायलटांच्या धाडसावर त्याहून जास्त. होडीतली पोरं मात्र एखाद्या वाक्यात येतात आणि वाक्य संपायच्या आत जातात.

मी न्यू जर्सीत राहते, आणि सँडी हुक आमच्या घरापासून गाडीनं फार लांब नाही. उन्हाळ्यात इकडच्या मराठी कुटुंबांची तिथे एक तरी फेरी होतेच: डबे, चटया, मोठी छत्री, आणि ‘पाणी फार गार आहे बाई’ अशी तक्रार. सँडी हुक म्हणजे न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून निघून उत्तरेला न्यूयॉर्कच्या दिशेनं वळत गेलेली वाळूची लांबलचक पट्टी. तिच्यावर १७६४ सालचं दीपगृह आहे. अमेरिकेत आजही चालू असलेल्या दीपगृहांत ते सगळ्यांत जुनं. ते बांधलं तेव्हा पट्टीच्या टोकापासून सुमारे ५०० फुटांवर होतं. आज तिथून टोकापर्यंत जायचं तर जवळपास दीड मैल चालावं लागतं. दीपगृह जागेवरच आहे, समुद्रानं आणून टाकलेल्या वाळूनं टोकच पुढे गेलं.

पाण्यावर दिसणारी वाळू एवढी चालते, तर पाण्याखालची काय करत असेल? न्यूयॉर्कच्या बंदराची जुनी अडचण नेमकी हीच. आतलं बंदर खोल आणि प्रशस्त, पण त्याच्या तोंडाशी सँडी हुकपासून पलीकडच्या लाँग आयलंडच्या बाजूपर्यंत वाळूचा बांध आडवा पसरलेला. त्यातून जायच्या जुन्या वाटेवर ओहोटीला जेमतेम २०-२२ फूट पाणी. वाट अरुंद, वळणाची, आणि दर मोठ्या वादळानंतर जरा इकडे तिकडे सरकलेली. अटलांटिक पार करून आलेल्या कप्तानाला सगळा महासागर कळतो, पण हे शेवटचे काही मैल त्याच्या हाताबाहेरचे असतात. ते ज्याला पाठ आहेत तो पायलट. ह्या बंदरात पायलट नेमण्याचा कायदा १६९४ सालचा आहे, म्हणजे अमेरिका नावाचा देश जन्माला यायच्या ८० वर्षं आधीचा.

दीडशे वर्षांच्या मक्तेदारीत माणसं जशी होतात तसे न्यूयॉर्कचे पायलट झाले. सनदा मोजक्या, जहाजाला पायलट घेणं सक्तीचं, मग खवळलेल्या थंडीत बाहेर जायची घाई कुणाला? नोव्हेंबर १८३६ मध्ये ‘ब्रिस्टल’ हे जहाज आयर्लंडमधली माणसं घेऊन बंदराच्या तोंडाशी आलं. पायलटची वाट बघत थांबलं. पायलट आला नाही, वादळ आलं, आणि जहाज लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर फुटलं. सहा आठवड्यांनी, जानेवारी १८३७ च्या सुरुवातीला, ‘मेक्सिको’ नावाच्या जहाजाची तीच गत. ह्या वेळी थंडी इतकी कडाक्याची होती, की शंभरावर माणसं जहाजावरच गोठून मेली. किनारा समोर दिसत होता. वाचले फक्त आठजण. दोन्ही जहाजांवरच्या १३९ जणांना लाँग आयलंडवरच्या लिनब्रुक गावात एकत्र पुरलं आहे. त्यांच्यावर संगमरवरी स्तंभ उभा आहे.

ह्यावर लोक खवळले. न्यूयॉर्कचे व्यापारी तर आधीपासूनच चिडलेले होते. मार्च १८३७ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं कायदा केला: दोन राज्यांच्या सीमेवरच्या पाण्यात दोन्हींपैकी कुठल्याही राज्याची सनद चालेल. न्यू जर्सीनं लगेच आपले पायलट उतरवले. मक्तेदारी मोडली आणि शर्यत सुरू झाली. नियम साधा होता. जहाजाला जो आधी गाठेल, जहाज त्याचं. पायलटला किती पैसे द्यायचे ते जहाज पाण्यात किती खोल बसलं आहे त्यावर ठरे, त्यामुळे मोठ्या जहाजावर सगळ्यांचाच डोळा. स्टेशनाबाहेर उभे राहण्याऐवजी थेट फलाटावर येऊन आपली बॅग उचलणारे रिक्षावाले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना पुढचं सांगायला नको. पायलट बोटी आधी सँडी हुकच्या बाहेर दहा-वीस मैल गेल्या, मग पन्नास, मग शंभर. पुढेपुढे तर तीनशे मैलांवर नँटुकेटच्या पलीकडे खुल्या अटलांटिकमध्ये त्या जहाजांची वाट बघत घिरट्या घालू लागल्या. बंदराच्या तोंडावरची वाट दाखवायला वाटाड्या तीनशे मैल पुढे जाऊन बसलेला! ह्यात तर्क शोधू नये. तिथे गाठलं नाही तर दुसरा गाठेल, एवढाच तर्क.

अशा कामाला बोट कशी लागेल? वेगवान तर हवीच, पण नुसती वेगवान नाही. जानेवारीत तीनशे मैलांवर तग धरणारी हवी, आणि चार-पाच माणसांना आवरता आली पाहिजे, कारण पायलट एकेक करून निघून जाणार. ह्या तिन्ही मागण्यांतून दोन डोलकाठ्यांची, सत्तर-नव्वद फूट लांबीची, लांब शिडांची आणि बुटक्या कठड्यांची स्कूनर तयार झाली. तिचं देखणेपण कुणी मागितलेलं नव्हतं. ते आपसूक आलं.

ह्या बोटी बांधणाऱ्यांत जॉर्ज स्टीअर्स हे नाव सगळ्यांत मोठं. तोवरच्या बोटी पुढून गोल, जाड आणि मागे निमुळत्या असत, आणि माशाचंच अंग असं असतं तेव्हा हेच बरोबर, असं सगळे मानत. स्टीअर्सनं रुंदी मध्यावर नेली आणि नाळ लांब, धारदार, किंचित आत वळलेली केली. ‘मेरी टेलर’ ही त्याची १८५० च्या सुमाराची पायलट बोट, एका लोकप्रिय नटीच्या नावाची. तिचा कप्तान डिक ब्राउन, सँडी हुकचा पायलट. लाटेवर आदळण्याऐवजी ती लाट कापून जाते हे सगळ्या बंदरानं बघितलं, आणि श्रीमंतांनीही बघितलं. न्यूयॉर्क यॉट क्लबचा प्रमुख जॉन कॉक्स स्टीव्हन्स ह्यानं त्याच धाटणीची पण मोठी बोट सांगितली. किंमत ३०,००० डॉलर, अट अशी की तिनं स्पर्धेत सगळ्यांना हरवलं पाहिजे. ती अट पुरी झाली नाही, आणि सौदा २०,००० वर ठरला. तीच ‘अमेरिका’. तिला घेऊन डिक ब्राउन १८५१ च्या उन्हाळ्यात अटलांटिक ओलांडून गेला आणि २२ ऑगस्टला आइल ऑफ वाइट बेटाच्या भोवतीच्या शर्यतीत त्यानं इंग्लंडच्या नामवंत यॉट मागे टाकल्या. त्या शर्यतीच्या चषकाला पुढे ह्याच बोटीचं नाव मिळालं. न्यूयॉर्क यॉट क्लबनं तो १९८३ पर्यंत, १३२ वर्षं, हातचा जाऊ दिला नाही.

ह्या सगळ्या गोष्टीत मला आवडतो तो एक बारकासा तपशील. शर्यतीच्या दिवशी ‘अमेरिका’वर एक स्थानिक पायलट घेतलेला होता. सँडी हुकचा पट्टीचा पायलट सुकाणूपाशी, आणि त्याला वाट सांगायला दुसरा पायलट. परक्या पाण्यात आपण परके, हे ब्राउनच्या धंद्यातल्या माणसाला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती. स्टीअर्स बिचारा १८५६ मध्ये घोडागाडीतून फेकला जाऊन गेला, चाळिशीही गाठली नव्हती. चषकाच्या इतिहासात त्याचं नाव आहे. ‘मेरी टेलर’चं नाव मात्र शोधावं लागतं.

आता होडी.

स्कूनरच्या डेकवर मध्यभागी दोन होड्या ठेवलेल्या असत, चौदा-पंधरा फुटांच्या. कठडे बुटके ठेवण्याचं कारण त्याच. होडी उचलून थेट पाण्यात ढकलता यावी म्हणून. जहाज दिसलं की दिवसा निळं निशाण, रात्री टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला बोळा पेटवून त्याचा भडका. स्कूनर जहाजाच्या वाऱ्याकडच्या अंगाला जाते आणि शिडं एकमेकांविरुद्ध वळवून जागच्या जागी तरंगत राहते. ‘होडी!’ अशी हाक येते. पायलटचं काम शिकणारे दोन उमेदवार, सोळा-सतरा ते वीस-बावीस वर्षांचे, आधी स्वतः उडी टाकतात, मग पायलट. पोरं वल्ही मारतात. वल्ही मारणाऱ्याची पाठ नेहमी जायच्या दिशेला असते, म्हणून जाताना त्यांना जहाज दिसत नाही, समोर बसलेल्या पायलटचा चेहरा दिसतो. लाट किती मोठी आहे ते त्यांना त्या चेहऱ्यावरून कळत असणार. जहाजाच्या अंगाशी पोचल्यावर होडी एका लाटेत दहा फूट वर, दुसऱ्या लाटेत दहा फूट खाली. शिडी मात्र तिथेच. पायलटनं होडी लाटेच्या माथ्यावर असताना शिडी पकडायची. खाली असताना पकडली, तर पुढच्या लाटेबरोबर होडी वर येऊन पाय चिरडते. तो शिडीला लटकला रे लटकला, की पोरांनी क्षणही न दवडता होडी बाजूला काढायची. नाहीतर जहाजाच्या अंगाखाली ओढली जाते.

हे झालं, की वरचा जयघोष सुरू होतो, आणि खाली खरं अवघड काम सुरू होतं. परतताना पोरांची पाठ स्कूनरकडे असते. त्यांना दिसतं ते निघून चाललेलं मोठं जहाज. तिसरा माणूस नाही, दिशा सांगणारं कुणी नाही, दर चार वल्ह्यांनी मान वळवून आपली बोट कुठे आहे ते बघायचं. हिमवर्षाव असेल, धुकं असेल, वल्ह्याच्या मुठीवर बर्फ धरलेला असेल. स्कूनर वळसा घालून त्यांना उचलायला येते, पण ती आधी दिसली पाहिजे. काही होड्या उलटल्या. काही धुक्यात चुकल्या.

आणि गंमत अशी, की हेच पोरगं वर्षानुवर्षं वल्ही मारून, रात्रीचे पहारे करून, बंदराचा तळ पाठ करून एक दिवस पायलट व्हायचं. म्हणजे ती कुणी गरीब, नाडलेली पोरं नव्हती. बरीचशी पायलटांचीच मुलं, पुतणे, भाचे. सनद घरातल्या घरात राहावी अशीच सगळी व्यवस्था. मी आधी त्यांच्याविषयी फार कळवळ्यानं वाचत होते. घराणेशाहीचा हा पदर दिसल्यावर कळवळा जरा आवरला.

बोटीवर मग उरतं कोण? सुरुवातीला पाच-सहा पायलट असतात. पाळी ठरलेली. ज्याची पाळी त्याला समोर येईल ते जहाज घ्यावं लागतं, मग ती मोठी आगबोट असो की फळ्या वाहणारं मळकट गलबत. हसत हसत एकेक जण निघून जातो. शेवटचा गेला, की बोट सांभाळणारा, आचारी आणि उमेदवार एवढेच राहतात, आणि बोट मोकळी होऊन घरी परतते. ज्यांच्यासाठी ती बांधली ते तिच्यावर नाहीत. तिचा सगळ्यांत धोक्याचा प्रवास पुष्कळदा हाच असे.

नोव्हेंबर १८९८ मध्ये न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर एक भयंकर वादळ झालं. ‘पोर्टलंड’ नावाची प्रवासी आगबोट त्यात सगळ्या माणसांसकट बुडाली म्हणून ते वादळ तिच्याच नावानं ओळखलं जातं. त्याच रात्री बोस्टनची ‘कोलंबिया’ ही पायलट बोट सिच्युएटच्या किनाऱ्यावर जाऊन आपटली. पायलट आधीच जहाजांवर चढून गेले होते. बोटीवर पाचजण उरले होते. पाचही गेले. त्यांची नावं नोंदींत आहेत. आठवणीत कितपत आहेत, सांगवत नाही.

बोटींच्या मरणाचे प्रकार तरी किती! आगबोटी आल्यावर तर आणखी वाढले. ज्या जहाजाला माणूस द्यायचा तेच अंगावर यायचं. डिसेंबर १८८३ मध्ये लाँग आयलंडजवळ ‘अलास्का’ ह्या प्रचंड आगबोटीनं न्यूयॉर्कच्या एका पायलट बोटीला चिरडलं. तिचंही नाव ‘कोलंबिया’च होतं. कुणी वाचलं नाही. मार्च १८८८ च्या हिमवादळात न्यूयॉर्क शहर तीन-चार दिवस बर्फाखाली ठप्प झालं होतं. शहराच्या त्या हालांवर पुस्तकं आहेत, फोटो आहेत. बाहेर समुद्रावर ‘फँटम’ आणि ‘एन्चँट्रेस’ ह्या दोन पायलट बोटी माणसांसकट नाहीशा झाल्या. त्यांचा फोटो कोण काढणार?

एक प्रसंग मात्र वेगळाच आहे. ऑगस्ट १८६४, यादवी युद्धाचा काळ. दक्षिणेची ‘टॅलाहॅसी’ ही युद्धनौका जॉन टेलर वुड ह्या कप्तानाच्या हुकमाखाली न्यूयॉर्कसमोर आली. त्याचा बेत भलताच धाडसी होता. रात्री बंदरात शिरायचं, वाटेत जहाजं पेटवायची आणि ईस्ट रिव्हरमधून, हेल गेटच्या खडकांतून, पलीकडे लाँग आयलंड साउंडमध्ये निसटायचं. बोट होती, तोफा होत्या, हिंमत होती. पायलट नव्हता. ‘जेम्स फंक’ ही पायलट बोट गिऱ्हाईक समजून आपणहून जवळ आली आणि पकडली गेली. पण पकडलेल्यांपैकी कुणी वाट दाखवायला तयार होईना. बेत बारगळला. मग वुडनं त्या बोटीवर आपली माणसं चढवली आणि तिलाच सापळा केलं. पायलट बोट दिसली, की जहाजं विश्वासानं थांबत. शिडावरच्या नंबराला भुललेली किती तरी जहाजं त्या दोन-तीन दिवसांत जळाली. ‘विल्यम बेल’ ही पायलट बोट पळता पळता सापडली, तिलाही आग लावली. एखाद्या निशाणीवर इतका डोळे झाकून भरवसा असला, की ती निशाणी चोरणं सगळ्यांत सोपं, हे वुडला चांगलं कळलं. आणि ज्यांनी वाट दाखवायला नकार दिला, त्या पकडलेल्या पायलटांच्या नावाचा पुतळा न्यूयॉर्कमध्ये कुठे असल्याचं मला तरी ठाऊक नाही.

शर्यत १८९५ मध्ये संपली. दोन्ही राज्यांच्या पायलटांनी संघटना एकत्र केली, कमाई वाटून घ्यायची ठरवलं, आणि १८९७ मध्ये ‘न्यूयॉर्क’ ही पोलादी, वाफेवर चालणारी पायलट बोट आली. आता तीनशे मैल जायचं कारण उरलं नाही. एक मोठी बोट बंदराच्या तोंडाशी उभी राहणार, जहाजं तिच्यापाशी येणार. स्कूनर एकेक करून विकल्या गेल्या. कुणी मासेमारीला, कुणी दूरच्या किनाऱ्यावर. शिडाच्या जहाजांवर प्रेम करणारे लेखक ह्या प्रसंगावर हमखास अश्रू ढाळतात. मला ते जमत नाही. तीस-एक बोटी, शेकडो माणसं, एकमेकांच्या पुढे जाण्यासाठी जानेवारीत नँटुकेटपर्यंत धावत होती आणि त्यातून जहाजाला जास्तीचं काही मिळत नव्हतं. आत यायची वाट तीच, वाळू तीच, पायलट तोच. मिळालं ते एका बोट बांधणाऱ्याला, एका चषकाला आणि चित्रकारांना. लिनब्रुकच्या त्या थडग्यातून सुरू झालेली गोष्ट मूळ हेतूपासून तीनशे मैल लांब गेली होती. वाफेनं ती परत जागेवर आणली.

ह्या बोटींच्या सौंदर्यावरून मात्र माझं मन अजून हटत नाही. अंगानं ‘मेरी टेलर’ कशी होती ते नुसतं रेखाटनात बघितलं तरी कळतं, ह्या बोटीनं उगीच कुणाची मर्जी राखलेली नाही.

बोस्टननं शीड जास्त दिवस सांभाळलं. ‘रोझवे’ ही स्कूनर १९२५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एसेक्स गावात बांधली. हे गाव लहानसं, पण त्या किनाऱ्यावरच्या कितीतरी स्कूनर तिथेच घडल्या. बोस्टनच्या पायलटांनी १९४१ मध्ये तिला विकत घेतलं, युद्धात तिच्यावर मशीनगन बसवली, आणि ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चाकरीत होती. म्हणजे चंद्रावर माणूस जाऊन आला तेव्हाही बोस्टनचा पायलट लाकडी स्कूनरवरून कामाला जात होता. ती अमेरिकेतली शेवटची पायलट स्कूनर. पुढे तिच्यावर शाळेतली मुलं शिडं ओढायला शिकू लागली.

वाफेच्या बोटी सुरक्षित होत्या असं समजू नये. एप्रिल १९३९ मध्ये धुक्यात ‘सँडी हुक’ ही पायलट बोट ‘ओस्लोफ्योर्ड’ ह्या नॉर्वेच्या आगबोटीची धडक बसून बुडाली. आगबोटीवर नॉर्वेचे युवराज ओलाव्ह आणि युवराज्ञी मार्था होते. सगळी माणसं वाचली, म्हणून ही गोष्ट आज हसत सांगता येते. श्रीमंताची जुनी सुखनौका घेऊन पायलटांनी तिची बोट केली होती, आणि तिचा शेवट राजघराण्याच्या साक्षीनं झाला.

सँडी हुकच्या टोकाशी उभं राहिलं, की ॲम्ब्रोज खाडीवाटेनं आत येणारी कंटेनर जहाजं दिसतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खणून काढलेली, जुन्या वाटेपेक्षा सरळ आणि खोल वाट. दुर्बीण असेल तर पुढच्या जहाजावर अर्धं पांढरं, अर्धं लाल निशाण दिसतं. ह्या जहाजावर पायलट आहे, हा त्याचा अर्थ. तो चढतो ती जागा इथून दिसत नाही, बरीच बाहेर आहे. पण चढतो तो दोरीच्या शिडीनंच, लाकडी पायऱ्यांच्या. जहाजं दहा-पंधरा मजल्यांइतकी झाली, रडार आलं, उपग्रह आले. शिडी आहे तीच आहे. डिसेंबर २०१९ मध्ये सँडी हुकचा एक अनुभवी पायलट जहाजावर चढताना पडून मरण पावला.

पायलटला मोटरबोटीनं जहाजाच्या अंगाशी नेतात ते आजही उमेदवारच. वर्षानुवर्षं ते हेच करतात: बोटी धुणं, इंजिनं बघणं, रात्री-अपरात्री माणसं नेणं-आणणं. परीक्षेला कोरा कागद मिळतो आणि त्याच्यावर बंदराचा नकाशा आठवणीतून काढायचा असतो. किनारे, खोली, बोयांचे नंबर, दिव्यांचे रंग, केबल कुठून गेल्या आहेत, खडक कुठे आहे. एखादा बोया चुकला तरी चालत नाही. नातेवाइकांनाच घ्यायची जुनी रीत आता टिकलेली नाही. अर्ज करावा लागतो, पदवी लागते, स्पर्धा मोठी असते. स्वयंपाकघरातल्या माणसाला मात्र तेव्हाही कुणी परीक्षेला बसवलं नाही आणि आताही नाही. उमेदवार नकाशा काढत असतो तेव्हा बाहेर तळ ठोकून असलेल्या मोठ्या पायलट बोटीवर तो शेगडीपाशी उभा असतो, कारण पहाटे चारला परतणाऱ्या पायलटला आणि त्याला आणणाऱ्या पोराला दोघांनाही गरम काहीतरी लागतंच.